दाखल झालेला वास

सगळ्यात घाण वास कशाचा असतो, सांगा बघू. गटाराचा? चूक. कपाटामागं मेलेल्या उंदराचा? तोही चूक. त्याची दोन दिवसांत सवय होते. सगळ्यात घाण वास असतो पूर ओसरल्यावर बंद दुकानात अडकून राहिलेल्या गाळाचा. त्यात माती असते, डिझेल असतं, फुगून आंबलेली ज्वारी असते, कुणाच्या तरी घरचं लोणचं असतं, आणि आणखी जे असतं ते जेवायच्या आधी सांगत नाहीत. मी हे ऐकीव सांगत नाहीये. मी तो गाळ हुंगलाय, नळीला नाक लावून, आणि वर त्याचं वर्णनही लिहून दिलंय. शी!

मी रेवती उगारे, इयत्ता दहावी, सांगली. 'कृष्णाकाठ संशोधन ग्रंथालया'नं मला ओळखपत्र दिलंय आणि त्यावर चक्क छापलंय, 'नाक, शालेय गट'. आमचे पप्पा ते येईल त्याला दाखवतात.

या ग्रंथालयात फक्त नदीच्या पुरांबद्दलच्या गोष्टी जमवतात. भिजलेले नकाशे, फुगलेले फोटो, ग्रामपंचायतींचे ठराव, दुकानांच्या पाट्या. नवीन काही आलं की पूर्वी दाराजवळच्या फळ्यावर 'नवीन दाखल' म्हणून एक कागद लागायचा. तो कोणी वाचायचं नाही. त्या कागदामागं पालीनं अंडी घातली होती, एवढाच त्याचा उपयोग झाला. मग डॉ. शाल्मली ऐनापुरे मॅडम संचालक झाल्या आणि त्यांनी गंधपेटी आणली.

वास म्हणजे काय, तर वस्तूतून सुटून हवेत उडणारे रेणू. कागद जुना होतो तसा त्यातला लाकडाचा अंश हळूहळू मोडतो आणि त्यातून गोडसर वास सुटतो. ओल लागली की बुरशीचे रेणू त्यात भर घालतात. आमच्याकडं एक मोठी काचेची घंटा आहे. दाखल झालेली वस्तू तिच्याखाली ठेवायची आणि कोमट हवा सोडायची. ती हवा केसासारख्या बारीक आणि मैलभर वाटावी इतक्या लांब नळीतून जाते. हलके रेणू पुढं पळतात, जड मागं रेंगाळतात, शाळा सुटल्यावर आम्ही पळतो आणि पीटीचे सर मागं राहतात, तसंच. असे वेगळे झाले की यंत्र प्रत्येकाचं प्रमाण मोजतं. ते प्रमाण, एखाद्या आमटीच्या कृतीसारखं, कुलूपबंद संदेशातून वर्गणीदारांच्या घरी जातं. तिथल्या पेटीत चिमुकल्या कुप्या असतात. सांगितले तेवढे थेंब मिसळले जातात, आणि दर शनिवारी सकाळी ग्रंथालयात काय नवीन आलं ते लोक घरबसल्या हुंगतात. सोबत वस्तूचं आणि देणाऱ्याचं नाव पेटी मोठ्यानं सांगते.

मग नाक कशाला? कारण रेणू किती आहेत ते यंत्राला कळतं, पण माणसाला किती सोसतं ते कळत नाही. म्हणून कुठला वास किती मात्रेनं सोडायचा आणि कुठल्यानंतर कुठला, हे दोन नाकं ठरवतात आणि 'मान्य' म्हणून बटण दाबतात. एक नाक माझं. दुसरं तस्लीम मुजावरचं. ती माझ्याच वर्गात आहे आणि डबा न उघडता कुणाकडं काय आहे ते सांगते.

नववीपर्यंत मला वर्गात 'पोलिसातली कुत्री' म्हणायचे. कारण मी वही, बाक, खोडरबर, सगळं हुंगायची. मी काही बोलायची नाही, मान खाली घालून बसायची. आमच्या चित्रकलेच्या सुतार सरांनी एकदा मला कागद दिला आणि म्हणाले, "हुंगतेस ना? मग वास काढून दाखव." मी कारल्याच्या भाजीचा वास काढला, हिरव्या काट्यांचा. तो त्यांनी शिक्षकांच्या खोलीत लावला आणि मला ग्रंथालयाच्या चाचणीला पाठवलं. तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते आता आईच्यानंही बंद होत नाही.

तर, गेल्या आठवड्यात सुतार सरांचाच संग्रह दाखल झाला.

सर प्रत्येक पुरानंतर सांगलीत फिरतात आणि भिंतींवर पाणी जिथवर चढलं होतं ती रेषा चित्रात उतरवतात. किराणा दुकान, देवळाची ओवरी, आमच्या शाळेचा जिना. आयुष्यभराची चित्रं त्यांनी एका खोक्यात घालून आणली, आणि वर आमच्यासाठी भडंगाची पिशवी.

"शनिवारी पेटीतनं माझं नाव येणार म्हणे," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माई येतेय निपाणीहून, खास त्यासाठी. म्हटलं, अगं नुसता वास येणार. तर म्हणते, येऊ दे की, भावाच्या नावाचा वास कुठला घाण असतोय!"

"सर, आम्ही भारी मात्रा लावतो तुमच्या चित्रांना," तस्लीम म्हणाली. "पार कोल्हापूरपर्यंत गेला पाहिजे."

सर गेले. आम्ही चित्रं घंटेखाली ठेवली आणि हवा सुरू केली. मी डोळे मिटून नळीला नाक लावलं. जलरंग. जाड कागद. थोडं भडंगाचं तेल. आणि मग खालून, हळूच, आणखी एक.

"हे काय गं?" तस्लीमनं नाक मुरडलं. "अत्तरासारखं, पण शिळं. कस्तुरी ओल्या लाकडात ठेवल्यासारखी."

मला बोलता येईना. मला! तो वास मला पाठ होता. आमच्या आज्जांच्या उशीचा. आज्जांना कंपवात होता. आज्जा जाऊन दोन वर्षं झाली तरी आई ती उशी कुणाला देत नाही, आणि मी कधीतरी जाऊन ती हुंगते.

कंपवातात हात थरथरायला लागतात ते खूप उशिरा. त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्वचेतलं तेल बदलतं आणि त्याचा वास बदलतो. सरांना सवय आहे, चित्र काढताना मनगटानं कपाळ पुसायचं आणि तोच हात कागदावर टेकायचा. म्हणजे चित्रागणिक ते कपाळावरचं तेल कागदात मुरत गेलं होतं. आम्ही जुनी चित्रं वेगळी आणि नवी वेगळी ठेवून पाहिली. जुन्यांत तो वास नव्हता. अलीकडच्यांत होता. शेवटच्या पुराच्या चित्रात तर भरून राहिला होता.

"पण माणसाचा वास गाळला जातो ना?" तस्लीम म्हणाली. "पहिल्याच दिवशी शिकवलेलं की."

शिकवलेलं खरं. पडद्यावर 'मानवी गाळणी' नावाची एक खूण असते. आम्ही बघितलं, तर ती खूण काढलेली होती. आमच्या हातून ती परत लागेना. ती फक्त मॅडमना लावता येत होती.

मॅडमच्या टेबलावरही एक पेटी असते आणि खोलीत कायम मोगऱ्याचा फवारा मारलेला असतो, इतका की जीभ कडू होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "यंत्रानंही तेच दाखवलंय. चांगलं नाक आहे तुझं."

म्हणजे त्यांना माहीत होतं!

"मॅडम, मग गाळणी लावा ना."

"रेवती, कोरडा कागद कोण हुंगतं? लोकांना माणसाचा वास हवा असतो. गाळणी काढल्यापासून वर्गणीदार तिप्पट झाले. संशोधन ग्रंथालय आहे म्हणून काय उपाशी मरायचं?" त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. कौतुकानं, बारशाचे फोटो दाखवावेत तसा. "बघ, आता कोण कोण आपली पेटी घेतं."

मी बघितलं. एक विमा कंपनी. आमच्या शाळेची संस्था. आणि एक, दोन, कितीतरी वधूवर सूचक मंडळं.

"वधूवर मंडळांना पुराच्या नकाशांचं काय करायचंय?" तस्लीमनं विचारलं.

"त्यांना घराणी कळतात," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडं वर्षश्राद्ध झालं की घरचे लोक आजोबांची कागदपत्रं आपल्याला देतात, नावानिशी. त्या कागदांत आजोबा असतातच, त्यांच्या दुखण्यांसकट. एका मंडळानं तर आभाराचा निरोप पाठवलाय. म्हणे तुमच्यामुळं दोन स्थळं वेळीच नाकारता आली."

शी. शी शी शी. मी गाळ हुंगलाय, कुजलेली ज्वारी हुंगलीय, पण असं मळमळलं नव्हतं. डोळ्यांसमोर आलं, सोफ्यावर बसलेल्या बायका, मध्ये पोह्यांच्या बशा आणि पेटी, आणि कुणाच्यातरी मेलेल्या आजोबांना नाक लावून म्हणतायत, नको बाई, यांच्यात आहे काहीतरी.

"आणि विमा कंपनी?"

"त्यांनी पेटीसमोर स्वतःचं वास ओळखणारं यंत्र ठेवलंय. त्यांचा प्रश्न."

"सुतार सरांची नोकरी वर्षाच्या करारावर आहे, मॅडम. संस्थेच्या ऑफिसातही पेटी आहे. शनिवारी सगळ्यांना कळेल, फक्त सरांना माहीत नसेल. तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"तो डॉक्टरांचा विषय." मॅडमनी हात पुसले, काही लागलेलं नसताना. "आपण निदान करत नाही. आपण फक्त काय दाखल झालं ते कळवतो."

"मी मान्य दाबणार नाही."

"नको दाबूस. इतर शाळांची नाकं रांगेत आहेत."

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. सरांचं भडंग तस्लीमच्या मांडीवर होतं आणि तिला ते खाववत नव्हतं.

"सरांना सांग आत्ताच," ती म्हणाली.

मी फोन लावला. मला वाटलं होतं, मी आता कुणालाही काहीही सांगू शकते.

"बोल बाळ!" सर ओरडलेच. "मॅडमना विचारून ठेव, माझ्याआधी कुणाचं नाव आहे? माई विचारतेय, अंघोळ कधी उरकू. आणि हे बघ, चित्रं नीट ठेव हं, तो शाळेचा जिना मला फार आवडतो."

"हो सर," मी म्हणाले. "जिना छान आहे सर." आणि फोन ठेवला. एवढंच. इतकं तोंड सुटलेली मी.

"काय झालं?" तस्लीमनं विचारलं.

"ते आनंदात होते."

"लई शहाणी आहेस." मग तिनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, "मला तर आज दुपारपर्यंत काही कळतच नव्हतं. परवा तो गाळ हुंगला ना आपण, नाक मेलं होतं माझं. काल अम्मीनं बांगडा तळला तो मला समजला नाही, बोल. आणि यंत्रपण बसलं होतं. दुरुस्तीवाला दादा किती शिव्या देत होता."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

तो दादा शिव्या देताना जे बोलला होता ते मला नीट आठवत होतं. गाळात गंधकाची संयुगं असतात, सडक्या अंड्यासारखी. वास ओळखणाऱ्या यंत्राच्या पातळ धातूच्या थरावर ती जाऊन बसतात आणि उठत नाहीत. मग ते यंत्र आंधळं होतं, म्हणजे वासाचं आंधळं. आणि माणसाच्या नाकाचंही तसंच आहे. एखाद्या वासानं ते भरून गेलं की पुढचा हलका वास त्याला कळतच नाही.

दाखल झालेली वस्तू काढून टाकायचा अधिकार नाकांना नसतो. पण मात्रा आमची. क्रम आमचा.

त्या आठवड्यात दाखल झालेल्यांत गाळ होताच, एका बुडालेल्या छापखान्यातला. आम्ही त्याला आधी मात्रा एक दिली होती, तीही घाबरत. आता आम्ही परत आत गेलो. गाळ पहिल्या क्रमांकावर नेला. मात्रा दहा. सुतार सरांची चित्रं लगेच त्याच्या मागं. मात्रा एक.

"दहा कधी कुणी लावलीय का?" तस्लीमनं विचारलं.

"चंदनालापण नाही लावत."

"या अल्लाह." तिनं बटण दाबलं. मीही दाबलं.

शनिवारी सकाळी मी आमच्या पेटीवर ओली गोधडी टाकून ठेवली होती, तरी पप्पा अर्ध्या दाढीनं घराबाहेर पळाले. आईनं पेटी उचलून थेट शेणखताच्या खड्ड्यात टाकली, आणि नंतर म्हणाली की खड्ड्याचा वास त्यामानानं बरा होता. गल्लीत जिकडंतिकडं खिडक्या धाडधाड उघडत होत्या. पलीकडच्या बंगल्यात बघण्याचा कार्यक्रम चालू होता. तिथून मुलाकडचे आधी पळाले, मग मुलीकडचे, मग पोहे आणणारी मुलगी हसत हसत. तस्लीमचा निरोप आला, संस्थेच्या ऑफिसात शिपायानं पेटीवर बादली ओतली. विमा कंपनीतल्या यंत्राचं काय झालं ते मी पाहिलं नाही, पण त्यांनी त्याच दिवशी दुरुस्तीवाल्या दादाला बोलावलं आणि तो पुन्हा शिव्या देत गेला.

मॅडमचा निरोप आला. 'हे काय केलंस?'

मी लिहिलं, 'मात्रा चुकली असेल मॅडम. मी फक्त काय दाखल झालं ते कळवते.'

मला वाटलं, मी जिंकले. खरंच उड्या मारल्या मी, त्या वासात. मग दुसरा निरोप आला. 'सुतारांचा संग्रह पुढच्या शनिवारी पुन्हा. तुझ्याशिवाय.'

उड्या थांबल्या. गाळानं सगळं झाकलं होतं, पण एका शनिवारपुरतं. सरांना आता सांगायलाच लागणार होतं.

मी सायकल काढली.

सरांच्या घरापाशी पोचले तेव्हा एक जाडजूड बाई अंगणात, तुळशीला टेकून, पदर नाकावर दाबून बसल्या होत्या. नवीकोरी साडी, केसांत अबोली. या माई.

"तू त्या ग्रंथालयातली काय?" त्या पदरातून ओरडल्या. "असलं माझ्या भावाचं नाव काढता होय गं? मेलं डुक्कर फुटल्यागत घर झालंय! आणि हा बघ जाऊन. हलायला तयार नाही. मी बोंबलतेय, चल बाहेर, चल बाहेर, तर मला म्हणतोय, उगाच नाटकं करू नको!"

मी ओढणी नाकाला बांधली आणि आत गेले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतका तो वास दाट होता. भिंतींना, पडद्यांना, सगळ्याला चिकटलेला.

सर टेबलाशी बसून उप्पीट खात होते.

पेटी त्यांच्या समोर, बशीला लागून, सताड उघडी होती. इस्त्रीचा सदरा घातला होता त्यांनी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग जरा पडला.

"ये बाळ. आमची पेटी बिघडलीय वाटतं गं. नाव आलं माझं, मोठ्यानं आलं, पण वास काही आलाच नाही. मी किती वेळ नाक लावून बसलोय."

कंपवातात वास बदलतो, त्याच्या बरोबरीनं वास कळणंही जातं. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि असल्या नरकात बसून माणसाला उप्पिटावर लिंबू पिळताना बघणं वेगळं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं होतं आणि मला हेही कळत नव्हतं, ते वासामुळं की रडण्यामुळं.

"सर," मी म्हणाले, "पेटी बिघडलेली नाही."

आणि मग मी सगळं सांगितलं. आज्जांची उशी. नवी चित्रं आणि जुनी चित्रं. गाळणी. मॅडम, विमा, मंडळं, संस्था. मात्रा दहा. पुढचा शनिवार. न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पळालेच असते. सरांनी चमचा खाली ठेवला. मध्येच एकदा त्यांनी आपलं मनगट नाकाशी नेलं, हुंगलं, आणि परत मांडीवर ठेवलं.

"फोडणीचा वास येईना," ते म्हणाले, "तर मी गॅसवाल्याशी भांडलो. म्हटलं, ज्योतीतच दम नाही." ते हसले, पण ते हसू अर्ध्यातच संपलं. "डॉक्टर काय म्हणतील?"

"आधी तपासतील, सर. माझं नाक चुकूही शकतं. पण चुकलं नसलं तरी आज्जा पुढं कितीतरी वर्षं शेतावर जायचे. औषधं असतात. लवकर कळलं की जास्त उपयोग होतो म्हणतात."

"कसा आहे गं तो वास?" त्यांनी विचारलं. "माझा. खरं सांग. शी म्हणायचं असेल तर शी म्हण."

मी ओढणी सोडली. गाळ नाकात भसकन शिरला. मला उमासा आला, तो मी गिळला.

"शी नाहीये सर. जुन्या देवघराचं दार उघडल्यावर येतो तसा आहे. ओलं लाकूड, थोडं मेण, आणि कुणीतरी नुकतंच झोपून उठलेलं असतं त्या पांघरुणाची ऊब. मला आवडतो. मी त्यासाठी आज्जांची उशी हुंगते."

सरांनी उप्पिटाची बशी बाजूला सारली. मग त्यांनी खिशातून फोन काढला. बटणं दाबताना त्यांच्या अंगठ्याकडं मी बघितलं नाही, मुद्दाम भिंतीकडं बघत राहिले. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

"ऐनापुरे मॅडम? दिगंबर सुतार बोलतोय. चित्रं ठेवा तुम्ही. चित्रं मी आनंदानं दिली." त्यांचा आवाज वर्गात दंगा झाल्यावर व्हायचा तसा झाला होता. "वास दिला नव्हता. तो काढून टाका. आणि बाकीच्या घरांचाही काढा, नाहीतर मी आणि माझी ही विद्यार्थिनी आज संध्याकाळपासून एकेका घरी जाऊन सांगणार आहोत, की तुमच्या आजोबांचं तुम्ही काय दिलंय आणि ते कोण कोण हुंगतंय."

"मी तस्लीमलापण घेते," मी ओरडले.

पलीकडून मॅडम काहीतरी समजावत होत्या, नियम, करार, वर्गणीदार. नीट कळत नव्हतं. गेंगाण्या आवाजात बोलत होत्या. नाक दाबून धरलं होतं त्यांनी.